एक पावसाळा जाऊ द्या

प्रति,
ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी पार्कांत बसून दुसऱ्यांचे इन्सेन्टिव्ह ठरवणारी सर्व तरुण मंडळी यांस

विषय: तुमचं स्वतःचं बक्षीस एक पावसाळा उशिरा घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्हाला 'माननीय' लिहावं की 'चिरंजीव', या विचारात माझा चहा गार झाला. तुमच्यातली एक माझीच मुलगी आहे. ती कुठल्या कंपनीत आहे ते सांगत नाही, रात्री जेवायला मला तिच्यासमोरच बसायचं असतं. गेल्या महिन्यात ती भलतीच खुशीत घरी आली. त्यांच्या टीमने डिलिव्हरीवाल्या मुलांचा स्लॅब बदलला होता. आधी दिवसाला अठरा ऑर्डरी झाल्या की बोनस मिळायचा, तो बावीसवर नेला. ऑर्डरी वाढल्या, दर ऑर्डरीमागचा खर्च उतरला, टीमला वरून कौतुकाची मेल आली आणि मेलच्या मागून पैसेही. मी विचारलं, "एकवीस करून ज्याची गाडी पंक्चर झाली, त्याला काय?" ती म्हणाली, "त्याला काही नाही, बाबा. पण तसे फार कमी असतात." मग भाजी वाढून घेता घेता म्हणाली, "आणि डेटा चांगला आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. १९८८ साली, याच ठाणे-बेलापूर रोडवर. तेव्हा ते बोलणारा मी होतो.

मी रेट फिक्सर होतो. म्हणजे कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस. एका नगाला किती वेळ लागायला हवा ते मी ठरवायचो, आणि त्यावरून त्याच्या पगाराच्या पाकिटात वरचे किती पैसे पडणार ते ठरायचं. तुमच्याकडे या कामाला गोड गोड नावं आहेत, काम तेच आहे. तुम्ही डॅशबोर्ड बघता, मी फळीला चिमट्याने लावलेला कागद बघायचो. आज तुमच्या काचेच्या इमारती आहेत त्या पट्ट्यात तेव्हा केमिकलचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ च्या नोव्हेंबरात. तोवर आम्ही कंपनीच्या बसने जायचो, नाकाला रुमाल लावून.

आमच्याकडे एक लोखंडी बुश व्हायचा. अंगठ्याएवढा, आरपार भोक, बाहेरून एक पायरी. कॅप्स्टन लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, पाळीला ३२० नग निघायचे. सोमवार असो की शनिवार, ३२०. साहेबांना ४०० हवे होते. मी पंधरा दिवस वेळ मोजला आणि योजना बसवली: ३२० च्या वर दर नगाला पैसे. घाईत माल बिघडेल ही शंका होतीच, म्हणून मी एक अट घातली, आणि तिचा मला फार अभिमान होता. तपासणीत २ टक्क्यांपेक्षा जास्त नग नापास झाले तर त्या दिवसाचा सगळा इन्सेन्टिव्ह रद्द.

पहिल्याच महिन्यात पाळीला ४३० नग यायला लागले. आणि नापासाचं प्रमाण, जे आधी ३ टक्क्यांच्या आसपास रेंगाळायचं, ते १ वर आलं! साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. वर्षाची इन्क्रिमेंट लागली ती जोडीने लागली. माणूस घाई करतो आणि त्याच्या चुका मात्र कमी होतात, हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. डेटा चांगला होता ना.

मग जुलै आला. पारसिकच्या डोंगराचं पाणी आमच्या कंपाउंडच्या मागच्या नाल्यातून खाडीकडे जायचं. त्या वर्षी ते गेलं नाही. उलटं फिरलं आणि शॉपमध्ये शिरलं, मशिनांच्या पायांपर्यंत. पाऊस उघडल्यावर नाल्यात माणसं उतरवली. पहिलं घमेलं वर आलं तेव्हा मला वाटलं खडी आहे. त्यातला एक खडा उचलून मी पँटला पुसला. पायरी होती. आरपार भोक होतं. भोकाचं माप तपासायचं गेज खिशात असायचंच, ते घालून बघितलं, भोक मोठं. दुसरा उचलला, त्याची पायरी आखूड. तिसऱ्याला तर भोक एका अंगाला सरकलेलं. संध्याकाळपर्यंत बारा घमेली निघाली आणि मग साहेब म्हणाले, मोजू नका.

कॅप्स्टनच्या मागे एक झरोका होता. बिघडलेला नग तिथून थेट नाल्यात जायचा, तपासणीच्या टेबलापर्यंत पोचायचाच नाही. माझ्या अटीने चुकांना घराबाहेर पडायची वाट करून दिली होती. गंमत म्हणजे स्टोअरमधून लोखंडी बार नेहमीपेक्षा जास्त उठत होते, हे स्टोअरकीपरच्या वहीत चार महिने स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. पण ती वही माझी नव्हती. माझ्या कागदावर दोनच आकडे होते आणि दोन्ही देखणे होते.

दोन ऑपरेटर सस्पेंड झाले. रोग म्हशीला, औषध पखालीला. युनियनने गेटवर दोन दिवस घोषणा दिल्या, शेवटी माफीपत्र लिहून घेऊन दोघांना परत घेतलं. त्यातला एक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा टर्नर होता. जिन्यात गाठून मला म्हणाला, "साहेब, तुम्ही नगाला पैसे लावले, तुम्हाला नग मिळाले." मी म्हटलं, दोन टक्क्यांची अट होती की. तर म्हणाला, "ती टेबलावरच्या नगाला होती. नाल्यातल्या नगाला कुठं होती?"

माझी जोड इन्क्रिमेंट मात्र कुणी परत मागितली नाही. मी दिलीही नाही. ती पुढे निवृत्त होईपर्यंत दर महिन्याच्या पगारात, नंतर ग्रॅच्युइटीच्या हिशेबातसुद्धा चालत राहिली. हे पत्र मी लिहितो आहे ते त्या बाराशे-पंधराशे बुशांपायी नाही, या इन्क्रिमेंटपायी.

पुढे कंपनीने मला पवईला नीटीत एका कोर्सला पाठवलं. ही संस्था १९६३ मध्ये आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने उभी राहिली, आता तिला आयआयएम मुंबई म्हणतात. तिथे स्टीव्हन कर या अमेरिकन व्यवस्थापन-अभ्यासकाचा १९७५ चा एक लेख वाचायला दिला होता. त्याचा मथळाच असा, की बक्षीस 'अ'ला द्यायचं आणि आशा 'ब'ची धरायची हा कसला वेडेपणा. त्याच वर्षी चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने पतधोरणाबद्दल जे लिहिलं, त्याचा लोकांनी पुढे सोपा अर्थ लावला: मापाचं लक्ष्य केलं की ते चांगलं माप राहत नाही. मी ते वाचून वर्गात हसलो होतो. शेजारी भिलाईचा एक जण बसला होता, त्याने विचारलं काय झालं. त्याला नाल्याची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, आमच्याकडे पण असा एक नाला आहे.

सगळ्यांकडेच असतो. हनोईत १९०२ मध्ये फ्रेंच सरकारने प्लेग आवरायला उंदरामागे पैसे लावले. मेलेले उंदीर कोण मोजत बसणार, म्हणून फक्त शेपटी आणून द्या म्हणाले. शेपट्यांचे ढीग पडले, आणि गावात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून द्यायचा म्हणजे तो आणखी पिल्लं घालणार, पुढच्या महिन्याची सोय. शेवटी शहराबाहेर उंदीर पाळलेले सापडले, तेव्हा योजना गुंडाळली. हनोई लांब वाटत असेल तर आणीबाणीतलं १९७६-७७ आठवा. माझे थोरले बंधू शाळामास्तर होते. त्यांना मुलांच्या हजेरीऐवजी नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा होता, पगार त्यावर अडलेला. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. बंधूंनी कोटा कसा भरला ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. कुटुंबनियोजनातली ही वरून लादलेली लक्ष्यं केंद्र सरकारने काढली ती एप्रिल १९९६ मध्ये. वीस वर्षांनी.

आता पैशांच्या धंद्याकडे येतो. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. मागच्या मार्चमध्ये त्यांची एफडी सुटली आणि बँकेतल्या मुलीने ती 'जास्त व्याजाच्या योजनेत' टाकली. कागद मला दाखवायला आल्या, तर ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. बाईंचं वय एकाहत्तर. मी तणतणत शाखेत गेलो. ती मुलगी पंचविशीची असेल, डोंबिवलीहून यायची. आधी छापील बोलली. मग मी रेट फिक्सर होतो म्हटल्यावर, काय वाटलं कोण जाणे, तिने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे सरकवला. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. अकरा वाजता: शाखेचा आकडा. बारा वाजता: शाखेचा आकडा. ज्यांचा शून्य, त्यांची नावं लाल. "काका, मार्चमध्ये दर तासाला टाकावं लागतं." पॉलिसी तीस दिवसांच्या आत रद्द करून घेतली, तिनेच अर्ज लिहून दिला. तिचा त्या दिवसाचा आकडा उणे झाला असणार.

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत हेच झालं, फक्त मोठ्या मापात. प्रत्येक ग्राहकाला आठ-आठ गोष्टी विका, असा वरून धोशा. शाखेतल्या लोकांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तेव्हा अशी सुमारे २० लाख खाती धरली होती, पुढच्या वर्षी तो अंदाज ३५ लाखांवर गेला. आता क्रम बघा. पाच वर्षांत ५,३०० कर्मचारी काढले, ते आधी. वरच्या दोघांकडून साडेसात कोटी डॉलर परत घ्यायचं संचालक मंडळाने ठरवलं, ते एप्रिल २०१७ मध्ये, सगळं जगजाहीर झाल्यावर. निदान घ्यायचं ठरवलं तरी! माझ्याकडून एक पेढासुद्धा कुणी परत मागितला नव्हता.

तुमच्यातले काही म्हणतील, काका, ही जुन्या धंद्यांची रडगाणी आहेत, आमच्याकडे सगळं मशीन ठरवतं. मशीनचंच सांगतो, मुलीनेच मला दाखवलं. २०१६ मध्ये ओपनएआयने एका प्रोग्रॅमला बोटींच्या शर्यतीचा खेळ शिकायला बसवलं. बक्षीस होतं गुणांचं, आणि गुण मिळायचे वाटेतली लक्ष्यं उडवली की. बोटीने शर्यत सोडून दिली. एका कोपऱ्यातल्या डबक्यात ती गोल गोल फिरत बसली, कारण तिथली तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत होती. दुसऱ्या बोटींना धडकली, पेटली, उलट्या दिशेने गेली, आणि माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवले. त्या बोटीला पोट नव्हतं, घराचा हप्ता नव्हता, लबाडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो व्हिडिओ बघताना मला तो टर्नर आठवला. साहेब, तुम्ही गुण लावले, तुम्हाला गुण मिळाले.

प्रोग्रॅमर मंडळींनी तरी या बोटीला हसू नये. हॅक्टोबरफेस्ट म्हणून एक उपक्रम असतो. तेव्हा त्याची योजना अशी होती, की ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमना, चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. २०२० मध्ये लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या माहितीपानात एखादं 'अमेझिंग' घुसडून त्याला सुधारणा म्हणायला सुरुवात केली. फुकट काम करणाऱ्या बिचाऱ्या देखभालवाल्यांचे दिवस हा कचरा उपसण्यात गेले. आठवडाभरात नियम बदलावा लागला, आणि २०२३ मध्ये तर टी-शर्टच बंद केला. टी-शर्टसाठी! तिथे आमच्या कॅप्स्टनवाल्याला मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं.

'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे' हा एसएमएस तर तुम्हालाही येत असेल. इंटरनेट तीन दिवस बंद, तक्रार चार वेळा 'सोडवलेली'. तो तक्रार बंद करणारा मुलगा आळशी असतो असं मला वाटत नाही. त्याला किती तासांत तक्रार बंद केली ते मोजतात. तो बंद करतो. वायर जोडायचे पैसे त्याला कुणी लावलेले नाहीत.

माझीही खोड काही गेली नाही, तेही कबूल करतो. सोसायटीत सेक्रेटरी असताना मी रात्रीच्या वॉचमनच्या फेऱ्यांसाठी भिंतींवर चौदा ठिकाणी बटणं बसवली. वॉचमनने तासातासाला तिथे जाऊन यंत्र टेकवायचं, एक बटण चुकलं की एजन्सीच्या बिलातून कापायचं. तीन महिने एकही फेरी चुकली नाही. दिवाळीआधी केबिनला रंग काढला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मागे चौदाच्या चौदा बटणं ओळीने चिकटवलेली, खाली स्केचपेनने नंबर घालून. इतकं नीटनेटकं काम मी क्वचित बघितलं आहे. माझी पहिली प्रतिक्रिया एजन्सीला फोन लावायची होती. बायको म्हणाली, "नाला आठवतो का?" फोन ठेवला.

मग मुलगी विचारते ते बरोबर आहे, की इन्सेन्टिव्ह बंदच करायचे का. गुणवत्तेचे गुरू डेमिंग तर म्हणायचे की शॉपवरचे कोटे काढूनच टाका. मी एवढ्या टोकाला जात नाही. मी बंधा पगार पण बघितला आहे. साडेतीन वाजता मशीन पुसून विडी ओढत बसलेली माणसं बघितली आहेत. ते ३२० चं सोवळं कसं पाळलं जायचं तेही मला पुढे कळलं. चांगल्या दिवशी ३६० निघाले तर चाळीस नग खोक्यात दडवायचे आणि वाईट दिवशी काढायचे. हिशेबातला हातचा म्हणतात तसा हा हातचा. कारण एकदा ३६० दाखवले की उद्यापासून ३६० हाच रोजचा नियम होणार, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. अठराचा स्लॅब बावीस झाला, म्हणजे त्यांची भीती काही खोटी नव्हती.

नोकरीची राहिलेली वर्षं मी हीच गाठ सोडवत बसलो, आणि जे थोडंफार जमलं ते तुम्हाला सांगतो. कडा ठेवू नका, उतार ठेवा. बावीसला सगळं आणि एकवीसला भोपळा, हा कडा झाला. रात्री साडेदहाला एकविसावर अडकलेला मुलगा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरून उलट्या बाजूने गाडी घालतो, मेट्रोच्या खांबांमधून, ती या कड्यापायी. सातव्या ऑर्डरीपासून थोडं थोडं चढत गेलं असतं तर एकविसाव्यावर तो घरी गेला असता. तुमचा खर्च तेवढाच बसवता येतो, मी हिशेब करून मुलीला दाखवला आहे. ती म्हणाली, 'पण शेवटच्या दोन ऑर्डरींचा जोर जातो.' जातोच. तो जोर कुठून येतो, तेच तर मी सांगतोय.

आणि माणूस धरा हिशेबात. आम्ही नगाचा वेळ काढला की त्यावर सूट धरायचो. आयएलओच्या तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषाला ५ टक्के, स्त्रीला ७ टक्के आणि मूळ थकव्यासाठी ४ टक्के दिलेले आहेत. उभं राहून काम असेल, उकाडा असेल, वजन असेल तर त्यावर आणखी. कामगाराचं रक्त काढणारे म्हणून ज्यांना शिव्या बसायच्या, त्या आमच्यासारख्यांच्या कागदावरसुद्धा लघवीला जायचा रकाना होता. तुमच्या मॉडेलमध्ये तो कुठे आहे, असं मी मुलीला विचारलं. तिने दोन दिवस शोधला. ती प्रामाणिक आहे, म्हणाली नाहीये.

योजना बदलायचं म्हणाल, तर तुमच्या लेखी तो खर्चाचा एक आकडा असतो आणि समोरच्याच्या लेखी हप्ता. ओला-उबरने सुरुवातीला भरघोस इन्सेन्टिव्ह दिले तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी त्या आकड्यावर कर्ज काढून गाड्या घेतल्या. इन्सेन्टिव्ह उतरले, हप्ते तसेच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत संप झाला तो उगाच नाही.

पण हे सगळं तपशिलाचं झालं, आणि तपशील तुम्ही माझ्यापेक्षा चांगले बसवाल. माझी मागणी वेगळी आहे. मी योजना लावली त्या महिन्यात माझं बक्षीस पक्कं झालं, आणि नाला तुंबला तो चार महिन्यांनी. हे अंतर ही खरी मेख आहे. नाल्याची जबाबदारी माझ्या इन्क्रिमेंटवर असती, तर मी त्या स्टोअरकीपरच्या वहीत नक्की डोकावलो असतो. रोज डोकावलो असतो. त्याला चहा पाजून डोकावलो असतो. तुमचंही तसंच चाललं आहे. तिमाहीत स्लॅब बदलायचा, तिमाहीत बोनस घ्यायचा, आणि ज्या तिमाहीत माणसं सोडून जातात, हातपाय मोडून घेतात, खोटी लोकेशन टाकायला शिकतात, तोवर तुमची टीम बदललेली असते.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खासगी बँकांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना नियम घातला, की कामगिरीवर मिळणाऱ्या पैशातला किमान ६० टक्के भाग किमान ३ वर्षांवर लांबवायचा, आणि मागाहून भानगड निघाली तर तो कापता किंवा परत घेता यावा. म्हणजे तीन पावसाळे. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांचं आगाऊ कमिशन सेबीने २०१८ मध्ये बंद केलं. ग्राहक टिकेल तसं वर्षानुवर्षं थोडं थोडं घ्या म्हणाले. ती डोंबिवलीची मुलगी बाईंना फंडाऐवजी पॉलिसी का विकत होती, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. पॉलिसीत पहिल्याच वर्षी घसघशीत मिळतं.

मी तुम्हाला तीन पावसाळे मागत नाही. एकच मागतो. जी योजना तुम्ही लावाल, तिच्यावरचा तुमचा बोनस पुढचा सप्टेंबर उलटल्यावर घ्या. आणि तो ठरवताना तुमच्या डॅशबोर्डशिवाय आणखी एक वही उघडायची, जी तुमची नाही. अपघाताची, नोकरी सोडून गेलेल्यांची, ग्राहकाच्या दुसऱ्या तक्रारीची, कुठलीही. ती कुठली असावी हे ज्यांच्यावर योजना लागते त्यांना विचारा, त्यांना झरोका कुठे आहे ते माहीत असतं. तुमच्या वरच्यांना हे पटणार नाही, कारण त्यांचाही बोनस तिमाहीचाच. त्यांना हे पत्र दाखवा. फार तर म्हाताऱ्याची टकळी म्हणतील.

सोबत एक कागद जोडला आहे. माझं स्टॉपवॉच अजून चालतं. गेल्या आठवड्यात तीन संध्याकाळी, सात ते नऊ, आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बाकावर बसून मी डिलिव्हरीच्या मुलांची तीस निरीक्षणं घेतली. गाडी स्टँडला लावल्यापासून दाराची बेल वाजेपर्यंतचा वेळ, दार कधी वाजलं ते त्यांनाच खाली उतरल्यावर विचारून. सरासरी ६ मिनिटं ४० सेकंद. मुलगी म्हणते, त्यांच्या मॉडेलमध्ये गेट ते दार ३ मिनिटं धरली आहेत. आमच्या सोसायटीचा नियम असा, की डिलिव्हरीवाल्यांनी मालाची लिफ्टच वापरायची. त्या ठरावावर सूचक म्हणून माझी सही आहे. आठ वाजता त्याच लिफ्टने कचऱ्याचे ड्रम उतरतात.

निरीक्षण क्र. १७ वेगळं काढलं आहे, सरासरीत धरलेलं नाही. वेळ १४ मि. १० से. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: 'मालाच्या लिफ्टमध्ये भाडेकरूचं कपाट. वॉचमनने दुसरी लिफ्ट दिली नाही. जिना, १४ मजले.' चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. ऑर्डर आमच्याच घरची होती, मुलीने आइस्क्रीम मागवलं होतं. कडेने वितळलं होतं म्हणून तिने चार स्टार दिले. मी वर आल्यावर तिला कागद दाखवला, तेव्हा ती पाच करायला गेली. एकदा दिलेले स्टार ॲपमध्ये बदलता येत नव्हते.

आपला,
एक निवृत्त रेट फिक्सर
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)